भगिनीमंडळ आणि विद्या

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते ती बहुधा इशारा म्हणून. मुलगी शहरातील महाविद्यालयात जाऊ लागली, वसतिगृहात राहू लागली, तिच्याभोवती मैत्रिणींचा गोतावळा जमला, की आईबापांच्या मनात प्रथम डोकावते ती हीच शंका. धर्मग्रामातील कितीतरी पालक ती आमच्यापाशी बोलून दाखवितात. संगत म्हणजे अभ्यासाची वैरीण, हे आपण जवळजवळ गृहीतच धरले आहे. परंतु म्हणीत ‘गुण लागला’ एवढेच म्हटले आहे. तो गुण कोणता, हे शेजारी कोण बांधला आहे त्यावर अवलंबून असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन मुलींच्या संगतीला दीडशे वर्षांहून अधिक काळ एक बांधीव रूप लाभले आहे. त्याला तेथे ‘सोरॉरिटी’ असे नाव आहे. लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण. म्हणून आपण त्याला भगिनीमंडळ म्हणू. ग्रीक वर्णमालेतील दोन वा तीन अक्षरे हे मंडळाचे नाव; निरनिराळ्या विद्यापीठांत त्याच्या शाखा; शाखेत येण्यापूर्वी काही काळ उमेदवारी, मग दीक्षाविधी, मंडळाचे ब्रीद, पोशाखावर मिरवायचे पदक; आणि पुष्कळ ठिकाणी सभासद मुलींना एकत्र राहण्यासाठी स्वतःचे घर. चित्रपटांतून ह्या घरांचे जे दर्शन घडते ते मेजवान्या, नाच आणि नटणेमुरडणे ह्यांचे. वस्तुतः ह्या मंडळांचा जन्म झाला तो अभ्यासाच्या भुकेतून, आणि तोही अशा काळात, की जेव्हा मुलीने उच्च शिक्षण घेणे हाच अनेकांच्या लेखी आगाऊपणा होता. ही भूक कशी जागली, कोठे मंदावली आणि पुन्हा कशी प्रदीप्त करण्यात आली, हा इतिहास आपल्या पालकांना आणि मुलींना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

ग्रीक अक्षरांची ही प्रथा मुळात मुलांची. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ ही संस्था स्थापिली. वादविवाद आणि वाङ्मयचर्चा हा तिचा उद्देश होता. पुढे तीच अमेरिकेतील गुणवंत विद्यार्थ्यांची सर्वांत मानाची संस्था ठरली. तिच्यात पहिल्या दोन स्त्रियांना प्रवेश मिळाला तो व्हरमाँट विद्यापीठात, १८७५ साली. म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. मधल्या काळात ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३७ साली पदवीच्या अभ्यासक्रमाचे दार मुलींना उघडले आणि १८४१ साली तेथून तीन मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या. जॉर्जिया राज्यातील मेकन गावी, वेस्लियन ह्या मुलींच्या महाविद्यालयात १८५१ साली ‘अ‍ॅडेल्फियन सोसायटी’ निघाली. निबंधवाचन आणि परस्परांची वैचारिक उन्नती हा तिचा हेतू. आजचे ‘अल्फा डेल्टा पाय’ हे मंडळ आपले मूळ तेथवर नेऊन भिडविते.

जेथे मुले आणि मुली एकत्र शिकत, तेथील परिस्थिती अधिक बिकट होती. इंडियाना राज्यात ग्रीनकॅसल येथे मेथॉडिस्ट पंथीयांचे अ‍ॅस्बरी विद्यापीठ होते (पुढे त्याचे नाव डीपॉ झाले). १८६७ साली तेथे मुलींना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला म्हणजे स्वागत झाले असे मात्र नव्हे. वर्गात मुली मूठभर. मुलांकडून थट्टा आणि टवाळी रोजचीच. तेथे बेटी लॉक नावाची एक विद्यार्थिनी होती. तिचे वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलांच्या एका मंडळाने तिला आपले पदक लेवविण्याची तयारी दाखविली. तिने विचारले, की पूर्ण सभासदत्व देणार काय? ते देण्यास मंडळ राजी नव्हते. तेव्हा शोभेचे पदक नाकारून तिने २७ जानेवारी १८७० रोजी आणखी तीन मैत्रिणींसह ‘कॅपा अल्फा थीटा’ हे मुलींचे स्वतंत्र मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात इलिनॉय राज्यातील मन्मथ महाविद्यालयात ‘कॅपा कॅपा गॅमा’ निघाले. आणि त्याच मन्मथमध्ये तीन वर्षांपूर्वी, १८६७ साली, बारा मुलींनी ‘आय. सी. सोरोसिस’ हे मंडळ काढले होते, ते आज ‘पाय बीटा फाय’ म्हणून ओळखले जाते. चार मुली, बारा मुली: आरंभ एवढाच लहान होता. परंतु वर्गात नापास झालेली एक मुलगी म्हणजे सगळ्या स्त्रीजातीच्या नालायकीचा पुरावा, असे मानण्याच्या त्या दिवसांत, आपली सोबतीण मागे पडू नये हा प्रत्येकीच्या जिवाचा प्रश्न होता. परस्परांच्या अभ्यासाची काळजी हा ह्या मंडळांचा पाया होता तो ह्या अर्थाने.

हे भय काल्पनिक नव्हते. १८७३ साली बॉस्टन येथील डॉक्टर एडवर्ड क्लार्क ह्यांनी मुलींच्या शिक्षणाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयातील माजी प्राध्यापक, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. मुलांप्रमाणेच मुलींनी बुद्धीचे सतत श्रम केले तर त्यांचे आरोग्य ढासळते, विशेषतः त्यांची मातृत्वाची शक्ती क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आधारासाठी त्यांच्यापाशी मोजक्या रुग्णांच्या हकीकती होत्या. तरीही पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अनेक बापांनी आपल्या मुलींचे पाऊल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच थांबविले. ह्याला उत्तर दिले ते पदवीधर स्त्रियांनीच. १८८२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने प्रश्नावली पाठवून ७०५ पदवीधर स्त्रियांच्या आरोग्याची माहिती गोळा केली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातून दिसून आले, की अभ्यासामुळे प्रकृती खालावल्याचा कोणताही पुरावा नाही. रागाने वाद घालण्याऐवजी त्यांनी मोजमाप करून उत्तर दिले. शिक्षणाने काय साधते ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये.

नेमक्या ह्याच वर्षांत दोन मराठी स्त्रिया अमेरिकेत होत्या, ह्याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. पुढे दोनेक वर्षे रमाबाईंनी त्या देशात प्रवास केला आणि १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहून तेथील स्त्रियांचे शिक्षण व त्यांच्या संस्था ह्यांचा परिचय आपल्या लोकांना करून दिला. त्या काळात ज्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला त्या फ्रान्सिस विलर्ड ह्या मद्यपानविरोधी चळवळीच्या पुढारी. आणि त्याच ‘अल्फा फाय’ ह्या भगिनीमंडळाच्या सभासदही होत्या. ‘अल्फा फाय’ची स्थापना न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात १८७२ सालची. ‘सोरॉरिटी’ हा शब्दही सिरॅक्यूजचाच: तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली ह्यांनी १८८२ साली तो सुचविला असे सांगतात. त्यापूर्वी मुलींच्या मंडळांनाही ‘बंधुमंडळ’ ह्या अर्थाचाच शब्द लावीत. १८८६ साली सिरॅक्यूजमधील शाखेने स्वतःचे घर बांधले. पुष्कळ विद्यापीठांनी मुलींना प्रवेश दिला होता, पण राहण्याची सोय केलेली नव्हती. म्हणून अभ्यासाला दिवा आणि निजायला सुरक्षित छप्पर, ही त्या घराची पहिली गरज होती.

घर आले, आणि घराबरोबर मोहही आला. मुलींच्या शिक्षणाला होणारा विरोध जसजसा ओसरला, तसतशी मंडळांची मूळ निकडही ओसरली. नव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत, सुस्वरूप, प्रतिष्ठित घराण्यांतील मुली आपल्याकडे ओढण्यासाठी मंडळामंडळांत चुरस लागली. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात चहापान आणि मेजवान्यांची अशी रेलचेल होई, की नव्या मुलीला पुस्तक उघडण्याची उसंत मिळू नये. हा गोंधळ आवरण्यासाठी मे १९०२ मध्ये शिकागो येथे सात मंडळांच्या प्रतिनिधी एकत्र बसल्या आणि त्यांतून मंडळांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. भरतीच्या रीतीला शिस्त आणि अभ्यासाला अग्रस्थान, ही दोन कामे ह्या पिढीने हाती घेतली. विद्यापीठांत स्त्री विद्यार्थिनींसाठी अधिष्ठात्या नेमल्या जाऊ लागल्या होत्या. त्यांचा आग्रहही तोच होता. इलिनॉय विद्यापीठाच्या अधिष्ठात्या मरायाह लिओनार्ड ह्यांनी १९२४ साली पहिल्या वर्षाच्या गुणवंत मुलींसाठी ‘अल्फा लॅम्डा डेल्टा’ ही स्वतंत्र मानसंस्था काढली, कारण मुलीची गाडी घसरते ती बहुधा पहिल्याच वर्षी, हे त्यांनी जाणले होते.

ह्या काळापासून जी व्यवस्था रूढ होत गेली ती आजही बहुतेक शाखांत आढळते. शाखेच्या नियमांत किमान गुणसरासरी ठरलेली असते. तेथील पद्धतीत ४ हा सर्वोच्च अंक, आणि अनेक शाखा २.५ वा त्याहून अधिक सरासरीची अट घालतात. एक सभासद अभ्यासप्रमुख म्हणून निवडली जाते. कोणती मुलगी कोणत्या विषयात अडली आहे हे ती पाहते आणि तो विषय ज्येष्ठ मुलींपैकी कोणाचा चांगला आहे हे शोधून दोघींची गाठ घालून देते. नव्या मुलीला एक ‘मोठी बहीण’ नेमून दिलेली असते. आठवड्यातील ठराविक तास ग्रंथालयात बसावेच लागते. सायंकाळनंतर घरात शांततेची वेळ पाळली जाते. सरासरी घसरली तर समारंभ बंद आणि अभ्यासाचे तास दुप्पट. सत्र संपल्यावर अनेक विद्यापीठे शाखाशाखांच्या सरासऱ्या जाहीर करतात आणि पहिल्या येणाऱ्या शाखेला करंडक मिळतो. सेमिनरीतील आमच्या विद्यार्थिदशेत रात्रीच्या अभ्यासाची घंटा झाली की साऱ्या इमारतीवर जे मौन उतरे, त्याची आम्हांला येथे आठवण होते. ते मौन तेव्हा जाचक वाटे. पण एकट्याच्या निग्रहाने जे कधी साधले नसते ते शेजारच्या मेजावर वाकलेल्या मित्राकडे पाहून साधे.

आता आपल्या विशेष जिव्हाळ्याच्या प्रकरणाकडे वळू. मिशिगन विद्यापीठाने १८७० साली मुलींना प्रवेश दिला. कॅथलिक विद्यापीठांची दारे तेव्हा मुलींना बंद होती. सुप्रसिद्ध नोत्र दाम विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमासाठी मुली येऊ लागल्या त्या १९७२ साली. भगिनींच्या संघांनी चालविलेली मुलींची महाविद्यालये नुकती कोठे निघू लागली होती. तेव्हा हुशार कॅथलिक मुलगी सरकारी विद्यापीठात जाई. तेथे प्रतिष्ठित मंडळे प्रॉटेस्टंट घराण्यांची; आयरिश, जर्मन वा पोलिश स्थलांतरितांच्या ह्या लेकींना त्यांत सहसा थारा नसे. १९०८ सालापर्यंत रोमच्या दप्तरी अमेरिका हा मिशनप्रदेशच होता, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील कॅथलिकांचे तेव्हाचे स्थान कळते. पोप दहावे पायस ह्यांनी १९०५ साली धर्मशिक्षणाविषयीच्या आपल्या परिपत्रकात, जेथे सरकारी विद्यापीठे आहेत तेथील तरुणांसाठी धर्मशिक्षणाची सोय करावी असा आदेश दिला होता. मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बर येथे, विद्यार्थ्यांच्या प्रार्थनामंदिराचे धर्मगुरू होते फादर एडवर्ड केली. कॅथलिक मुलींना आपल्या घरासारखे वाटावे असे एक स्थान असावे, ह्या हेतूने त्यांनी १९०९ साली ‘ओमेगा उप्सिलॉन’ हे मंडळ सुरू केले.

पुढे फादर केली डेट्रॉइटचे साहाय्यक बिशप झाले आणि अ‍ॅन आर्बर सोडून गेले. ते जाताच मंडळ डळमळू लागले. पाठीशी उभ्या राहतील अशा माजी विद्यार्थिनीच त्याला नव्हत्या. तेव्हा बिशप केली ह्यांनी अमीलिया मॅकस्वीनी ह्या जुन्या पदवीधर विद्यार्थिनीची मदत मागितली. तिने माजी आणि चालू विद्यार्थिनींना एकत्र केले, आणि ३० ऑगस्ट १९१२ रोजी दहा जणींनी ‘थीटा फाय अल्फा’ची स्थापना केली. सिएनाची संत कॅथरिन ही त्यांनी आपली आश्रयदाती मानली. पुढे बॉस्टन विद्यापीठात १९२१ साली निघालेले ‘पाय लॅम्डा सिग्मा’ हे दुसरे कॅथलिक मंडळ १९५२ साली ह्याच मंडळात विलीन झाले आणि १९६८ साली सर्व धर्मांच्या मुलींना त्याचे दार उघडण्यात आले. ज्यांना इतरांनी दाराबाहेर ठेवले होते त्यांनी स्वतःचे दार मात्र कायमचे लावून घेतले नाही, ह्याचे आम्हांला समाधान वाटते.

दाराबाहेर ठेवले जाण्याचे दुःख ह्याहूनही तीव्रपणे भोगले ते कृष्णवर्णीय मुलींनी. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन आणि तिच्या सोबतिणींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ हे कृष्णवर्णीय मुलींचे पहिले मंडळ स्थापिले. जानेवारी १९१३ मध्ये तेथेच २२ जणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ काढले आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्च रोजी, त्या राजधानीतील स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात सामील झाल्या. त्या मंडळाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा सेडी मॉसेल ह्यांनी १९२१ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. कृष्णवर्णीय अमेरिकनांत ही पदवी त्या विषयात मिळविणाऱ्या त्या पहिल्या. दक्षिणेतून फिलाडेल्फियात आलेल्या शंभर कृष्णवर्णीय कुटुंबांचे राहणीमान हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या नगरात पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या आनंदीबाई डॉक्टर झाल्या होत्या, त्याच नगरात हे घडले. १९२२ साली इंडियानापोलिस येथे सात शिक्षिकांनी ‘सिग्मा गॅमा ऱ्हो’ काढले. एकीची पदवी ही ज्या समाजात साऱ्यांची पदवी असते, तेथे अभ्यासप्रमुखाला फारसे नियम करावे लागत नाहीत.

ह्या इतिहासाला काळी बाजू आहे, ती झाकणे आम्हांला शोभणार नाही. मंडळ म्हणजे निवड. आणि निवड म्हणजे कोणाला तरी नकार. १९४४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ह्याच कारणास्तव मुलींची मंडळे बंद केली. ती काही दशकांनी पुन्हा आली. २०१३ साली, म्हणजे अगदी अलीकडे, अलाबामा विद्यापीठातील जुन्या गोऱ्या मंडळांनी कृष्णवर्णीय मुलींना केवळ वर्णामुळे नाकारल्याचे विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केले. ती मुलगी गुणांनी कमी नव्हती, हे त्यातील विशेष लज्जास्पद.

सरासरीच्या आकड्यांविषयीही सावध असले पाहिजे. मंडळातील मुलींची सरासरी विद्यापीठातील एकूण मुलींपेक्षा अधिक आहे, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. परंतु कमी गुणांच्या मुलीला आरंभीच घेतले नसेल, तर त्या अधिक सरासरीचे श्रेय संगतीला कसे द्यावे? शिवाय सरासरी राखण्यासाठी कठीण विषय टाळून सोपा विषय घेण्याचा मोह होतो. करंडक मिळतो, पण गणित वा रसायन शिकण्याची हिंमत हरवते. आमच्या मते शाखेची खरी परीक्षा एकच: जी मुलगी धडपडत आत आली ती बाहेर पडताना कोठे पोहोचली? पहिल्या आलेल्या मुलीचे अभिनंदन कोणीही करील. शेवटच्या मुलीजवळ रात्री कोण बसले, हे विचारले पाहिजे.

फादर केली ह्यांच्या कथेतील एका गोष्टीने आम्हांला अंतर्मुख केले. त्यांनी स्वतः काढलेले मंडळ त्यांच्या पाठीमागे टिकले नाही; टिकले ते शिकलेल्या स्त्रियांनी हाती घेतलेले. अनेक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही मुलींसाठी सायंकाळची अभ्यासिका सुरू केली होती. सभागृहाची किल्ली आमच्यापाशी, वेळापत्रक आमचे, उपस्थितीची वहीदेखील आमचीच. पहिली दोन वर्षे वीस-बावीस मुली नियमाने येत. आमची बदली झाली आणि वर्षाच्या आत अभ्यासिका बंद पडली. आम्ही बराच काळ लोकांच्या अनास्थेला बोल लावला. अमीलिया मॅकस्वीनीची हकीकत वाचली तेव्हा उमगले, की दोष आमचाच होता: ज्या मुली पदवीधर होऊन बाहेर पडल्या त्यांतील एकीलाही आम्ही किल्ली दिली नव्हती.

सिएनाच्या संत कॅथरिनला शाळा ठाऊक नव्हती. ती एका रंगाऱ्याची मुलगी. लिहायला शिकली ती उशिरा, आणि तिची बहुतेक पत्रे तिने सोबत्यांना सांगून लिहवून घेतली. तिच्याभोवती शिष्यांचा आणि मैत्रिणींचा एक मेळावा असे. तो नसता तर तिचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेही नसते. ह्या स्त्रीला पोप सहावे पॉल ह्यांनी १९७० साली ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले. तिचा सण आता आपण २९ एप्रिलला पाळतो. ‘थीटा फाय अल्फा’च्या मुली मात्र जुन्या पंचांगाप्रमाणे ३० एप्रिललाच आपला संस्थापनदिन साजरा करतात. त्या सुमारास आपल्याकडे महाविद्यालयांच्या परीक्षा चालू असतात आणि घराघरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. पालकहो, त्या रात्री मुलीची मैत्रीण वह्या घेऊन दाराशी आली तर तिला परत पाठवू नका. चहा दोघींसाठी टाका.